मूल शिकते, मग गुरुजी काय करतात?

गोंदिया जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या बऱ्याच प्राथमिक शाळांत पाऊल टाकले की आधी फरशीकडे लक्ष जाते. पिवळ्या, निळ्या ऑइलपेंटने आखलेली वर्तुळे, अंकांची शिडी, स्वरचिन्हांचे चक्र, शब्दांचा डोंगर. रंग आता जागोजागी उडाला आहे. काही वर्गांत त्यावर पुन्हा बाके आली आहेत आणि वर्तुळाचा अर्धा भाग बाकाखाली गेला आहे. ही आखणी बहुतेक २०१५-१६ च्या सुमाराची. कोणाही शिक्षकाला विचारले की हे काय आहे, तर उत्तर एका शब्दात मिळते : ‘ज्ञानरचनावाद’.

एखादा तात्त्विक शब्द इतक्या लवकर फरशीवर उतरल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. द्वैत-अद्वैतालाही हे भाग्य लाभले नाही.

शब्दाचा प्रवास मात्र नीट सांगता येतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल हे ज्ञानाचा निर्माता आहे, ही भूमिका घेतली. त्या आराखड्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष यशपाल होते. १९९३ साली ‘ओझ्याविना शिक्षण’ मागणारा अहवाल देणारेही तेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात कृती, शोध आणि धांडोळा यांतून शिकणे हे शब्द आले, म्हणजे ही केवळ चांगली कल्पना राहिली नाही, कायद्याची अपेक्षा झाली. महाराष्ट्राचा राज्य आराखडा २०१० साली आला, प्राथमिक अभ्यासक्रम २०१२ साली. तरीही सामान्य शिक्षकाच्या कानावर तो शब्द खऱ्या अर्थाने आदळला तो २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर. शिक्षण खात्याचे तेव्हाचे प्रधान सचिव नंदकुमार यांनी सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटाकडे राज्याचे लक्ष वेधले. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या बीटातले शिक्षक काही वर्षे मन लावून काम करत होते. मग राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याकडे निघाल्या. गोंदिया म्हणजे राज्याचे दुसरे टोक. तिथूनही लोक जाऊन आले.

पाहून येताना माणूस डोळ्यांना दिसते ते घेऊन येतो. कुमठ्यात दिसणारी गोष्ट फरशी होती. न दिसणाऱ्या गोष्टी म्हणजे शिक्षकांनी एकत्र बसून केलेले वाचन, मूल नेमके कुठे अडते याच्या नोंदी, चूक झाली तर अधिकारी रागावणार नाही हा विश्वास. त्या गाडीत बसून येण्यासारख्या नव्हत्या. परत आल्यावर ऑइलपेंट मात्र लगेच मिळाला.

त्याच काळात प्रशिक्षणांतून एक वाक्य शिक्षकांच्या तोंडी बसले, ते असे की शिक्षक आता शिक्षक नाही, तो सुलभक आहे. मूल स्वतः शिकते, आपण फक्त वातावरण द्यायचे. मला या वाक्याविषयीच लिहायचे आहे. ते अर्धे खरे आहे, आणि त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाची किंमत देवरी-सालेकशाच्या मुलांनी मोजली आहे.

सिद्धांत मुळात काय म्हणतो ते आधी पाहू. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारले आणि चुकीची उत्तरे बरोबर उत्तरांइतक्याच आदराने लिहून घेतली. त्यांचा एक प्रसिद्ध प्रयोग पाण्याचा आहे. आपण तो धानाने करू. दोन सारख्या डब्यांत एकेक पायली धान भरा. पाच वर्षांच्या पोरीला दाखवा. ती म्हणेल दोन्हीकडे सारखेच. आता तिच्यासमोर एका डब्यातले धान उंच, निमुळत्या बरणीत ओता आणि विचारा, जास्त कशात? बरीच मुले ठामपणे बरणीकडे बोट दाखवतात. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास तेच मूल हसून म्हणते, ‘ओतलंच तर आहे, कमी कसं होईल?’ मधल्या दोन वर्षांत कोणी तिला हा धडा शिकवलेला नसतो. ओतणे, मोजणे, सांडणे, भरणे यांतून तिने तो स्वतःपुरता उभा केलेला असतो. ज्ञान बाहेरून आत ओतले जात नाही, आत बांधले जाते, एवढेच रचनावादाचे मूळ म्हणणे आहे. आधी जे बांधलेले आहे त्याच्यावरच पुढचे बसते. बसत नसेल तर आधीचे मोडून पुन्हा बांधावे लागते.

आता वर्गातले उदाहरण. तिसरीच्या एका मुलाने पाटीवर ४२ वजा १७ असे मांडून उत्तर ३५ लिहिले. शाळेत जाऊन बसण्याची सवय असलेल्या माणसाला हे उत्तर शेकडो वेळा भेटते. नेहमीच्या पद्धतीत त्यावर फुली पडते आणि ‘हातचा घ्यायला विसरलास’ असे सांगितले जाते. पण मूल काही विसरलेले नसते. २ मधून ७ जात नाहीत म्हणून त्याने ७ मधून २ काढले; ४ मधून १ काढला. त्याच्याजवळ एक नियम आहे : प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचे. नियम चुकीचा आहे, पण तो नियमच आहे, त्याने स्वतः केलेला. याची खात्री कशी करायची? त्याला ६० वजा २४ द्या. त्याने ४४ लिहिले तर तुमचा तर्क पक्का झाला.

इथे गुरुजींचे काम सुरू होते. त्यांनी जर ४८ वजा १५ दिले तर मुलाच्या चुकीच्या नियमानेही ३३ हे बरोबर उत्तर येईल आणि नियम आणखी घट्ट होईल. तेव्हा उदाहरण असे निवडायला हवे की नियम स्वतःच अडखळेल. मग दशकाचे चार दांडे आणि दोन सुट्टे पुढे ठेवून म्हणायचे, यातले सतरा मला दे. मूल एक दांडा देते, मग सात सुट्टे शोधते, हातात दोनच. ते गप्प होते. याच वेळी बोलायचे नाही, हे शिक्षकाला शिकायला फार वर्षे लागतात. मूल इकडेतिकडे बघते, मग एक दांडा उचलते आणि विचारते, ‘हा सोडू का गुरुजी?’ दांडा सुटला की दहा सुट्टे होतात, उरतात पंचवीस. पाटीवरचे ३५ आणि समोरचे २५ आता एकमेकांशी भांडू लागतात. ते भांडण मुलाने सोडवायचे, पण लावून द्यायचे कोणी? दांडे आपोआप समोर आले नाहीत, ४२ आणि १७ हे आकडे आपोआप निवडले गेले नाहीत, आणि ती शांतताही कोणीतरी राखलेली होती.

यात ‘सुलभ’ असे काय आहे? सुलभक हा शब्दच मला खटकतो. या कामात शिक्षक मुलासाठी काही सोपे करत नाही, उलट योग्य जागी अवघड करतो.

पियाजे यांच्याच वर्षी जन्मलेले आणि अवघ्या सदतिसाव्या वर्षी क्षयाने गेलेले रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी ही जागा नेमकी दाखवली. मूल एकट्याने काय करू शकते ही एक रेघ; जाणत्याच्या मदतीने काय करू शकते ही दुसरी. दोन रेघांमधला पट्टा म्हणजे निकट विकासाचे क्षेत्र. शिकवणे तिथेच फळते. अलीकडे शिकवले तर मूल कंटाळते, पलीकडे शिकवले तर पाठ करते. व्हिगॉट्स्कींच्या सिद्धांतात दुसरा माणूस अटळ आहे, आणि त्या दोघांमध्ये भाषा आहे.

१९७६ साली डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एकवीस लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला आणि शिकवणारी बाई नेमके काय करते ते बारकाईने टिपले. तीन वर्षांच्या मुलांचे लक्ष कामावर आणून ठेवणे हेच तिचे मोठे काम होते. चार वर्षांच्यांना ती त्यांची चूक दिसेल असे काही बोलायची. पाच वर्षांच्यांना बहुधा ‘बरोबर ना?’ एवढ्याला मान डोलावणे पुरे व्हायचे. म्हणजे तीच बाई, तेच ठोकळे, पण तीन वयांना तीन वेगळ्या भूमिका. या मदतीला त्यांनी बांधकामाच्या पराचीची उपमा दिली. पराची इमारतीचा भाग नसते आणि काम झाले की काढतात. पण ती न बांधता दुसऱ्या मजल्यावर वीट चढत नाही. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत पराची काढण्याविषयी खूप बोलले गेले, बांधण्याविषयी कमी.

या विचाराला उलट बाजूनेही तपासले पाहिजे, कारण टीका जोरदार आहे. २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी एक गाजलेला लेख लिहिला. नवख्याला कमीत कमी मार्गदर्शन देऊन शोधायला सोडले तर तो फारसे शिकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. चालू विचार धरून ठेवणारी आपली स्मृती अगदी तोकडी असते. सगळी शक्ती चाचपडण्यात गेली तर शिकायला काही उरत नाही. नवख्याला सोडवलेली उदाहरणे दाखवणे अधिक उपयोगी, असे ते सांगतात. गोंदियातल्या अनुभवी गुरुजींना हे वाचून दाखवले तर ते म्हणतील, आम्ही हेच म्हणत होतो. मला ही टीका बरीचशी मान्य आहे, पण ती रचनावादाला लागू पडण्यापेक्षा त्याच्या आळशी आवृत्तीला लागू पडते. जॉन ड्यूई यांनी १९३८ सालीच, आपल्या नावाने चाललेल्या नव्या शाळांना बजावले होते की मुलांना मोकळीक देणे म्हणजे मोठ्यांनी जबाबदारी सोडणे नव्हे.

पियाजे यांनी ज्ञानाचे केलेले तीन प्रकार इथे फार उपयोगी पडतात आणि आपल्या प्रशिक्षणांत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. दगड पाण्यात बुडतो, मोहाचे फूल सुकले की हलके होते, हे वस्तूंचे ज्ञान. ते हाताळून मिळते. पाच आणि तीन आठ होतात, ओतल्याने धान कमी होत नाही, हे नात्यांचे ज्ञान. ते मनातच रचावे लागते, कोणी कितीही सांगितले तरी. आणि ‘क’ या आकाराला क म्हणायचे, सोमवारनंतर मंगळवार येतो, हे लोकांनी ठरवलेले ज्ञान. ते सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्गच नाही. जगातले सर्वांत हुशार मूल घेतले तरी ते कितीही वर्तुळांत बसून ‘क’चा शोध लावू शकणार नाही. त्याला कोणीतरी सांगायलाच हवे, आणि तेही पुन्हा पुन्हा, कंटाळा न करता. कोणता पाठ यांपैकी कुठला आहे हे ओळखणे, सांगण्याचे न लपवता सांगणे आणि रचण्याचे न सांगता रचू देणे, हा निवाडा शिक्षकाचा आहे. फरशी तो करू शकत नाही.

या तिन्हींची एकाच ठिकाणी गुंतागुंत पाहायची असेल तर आपल्या अंकांची नावे घ्यावीत. ‘बेचाळीस’ म्हणताना आपण आधी दोन म्हणतो, मग चाळीस. लिहिताना आधी चार, मग दोन. ऐकून लिहिणारे मूल २४ लिहिते तेव्हा ते कानाशी प्रामाणिक असते. ‘एकोणतीस’ तर आणखी वाकडे : ऐकू येतात एक आणि तीस, लिहायचे २९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ असेही वाचन आले तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की जुनी नावे काढलेली नाहीत, मुलांना आधार म्हणून दुसरी वाट दिली आहे. विनोद झाले, भाषा बुडाल्याची हाकाटी झाली. त्या सगळ्या गोंगाटात दुसरीच्या बाईंचा साधा प्रश्न बाजूला राहिला : संख्येची रचना हे नात्यांचे ज्ञान, तिचे नाव हे ठरवलेले ज्ञान, दोन्ही एकाच वेळी अडली तर आधी कुठले सोडवायचे? ‘वीस एक’ ही पराची होती. ती इमारत समजली गेली.

गोंदियात हा गुंता आणखी एक पदर घेतो. बाजारात भाव बहुधा हिंदीत सांगतात. मूल घरी पोवारी ऐकते किंवा झाडीबोली, शाळेत प्रमाण मराठी. गोंड कुटुंबातले असेल तर आजीच्या तोंडी उंदी, रंड, मूंद असते. आणि शेतावर धानाची मोजणी खंडीत. खंडी म्हणजे वीस. वीस-वीसचे गट करून मोजणारे घर आणि दहा-दहाचे दांडे करणारी शाळा यांत वैर असण्याचे कारण नाही. ‘तुझे बाबा खंडी कशी मोजतात?’ असे विचारले तर तिसरीचे मूल स्थानिक किमतीच्या दारापर्यंत स्वतःच चालत येते. मात्र विचारणाऱ्याला खंडी ठाऊक हवी.

आता भाषेकडे वळतो, कारण माझ्या मते या जिल्ह्यात रचनावादाची खरी परीक्षा तिथे आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके, उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. या प्रदेशाला झाडीपट्टी म्हणतात आणि इथल्या मराठीला झाडीबोली. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचले. झाडीबोलीत ळ नाही, ण नाही. डोळा हा ‘डोरा’ होतो. आता पहिली-दुसरीतली मुलगी ऐकते, मनात म्हणते, आणि वहीत ‘डोरा’ लिहिते. गुरुजींची लाल रेघ पडते. पण क्षणभर थांबून पाहा, तिने काय केले आहे. उच्चार वेगळा काढला, त्या उच्चाराचे अक्षर आठवले, ओ-काराची मात्रा योग्य जागी दिली. लिपीचे तत्त्व, म्हणजे या वयात शिकायची सर्वांत अवघड गोष्ट, तिने पूर्णपणे आत्मसात केले आहे. तिला फक्त एवढे ठाऊक नाही की पुस्तकातली माणसे या अवयवाला वेगळे काहीतरी म्हणतात. हे लोकांनी ठरवलेले ज्ञान आहे. ते प्रेमाने सांगून टाकण्यासारखे आहे. लाल रेघ मात्र तिला वेगळेच सांगते. जसे ऐकतो तसे लिहावे हा तुझा नियम खोटा आहे, असे ती सांगते. तिने जे बरोबर बांधले तेच पाडले जाते. पुढे चौथी-पाचवीत हेच मूल वाचत नाही, फळ्यावरचे फक्त उतरवून काढते. त्याचे मूळ शोधायला निघालो तर पुष्कळदा अशा पहिल्या लाल रेघेपाशी येऊन थांबावे लागते, असे मला वाटते.

गोंडी बोलणाऱ्या मुलाचे तर याहून कठीण. गोंडी द्राविड कुळातली भाषा. तिचे नाते मराठीपेक्षा तेलुगूशी जवळचे. पाण्याला गोंडीत ‘येर’ म्हणतात. ‘पाणी’ या शब्दापासून ‘प’ शिकवायचा तर मुलाच्या मनात आधी प नाही आणि पाणीही नाही, येर आहे. आधीचे जे आहे त्यावर पुढचे बांधायचे असेल, तर आधीचे काय आहे हे गुरुजींना कळण्याचा मार्ग कोणता? दुसऱ्या जिल्ह्यातून बदली होऊन आलेल्या शिक्षकाने वर्षभरात गोंडी बोलावी अशी अपेक्षा करता येणार नाही. पण शे-दीडशे शब्द शिकता येतात. अंगणवाडीतल्या ताई, स्वयंपाक करणाऱ्या मावशी गावातल्याच असतात, त्यांना पहिल्या महिन्यात वर्गात बसवता येते. असे करणारे शिक्षक मी या जिल्ह्यात पाहिले आहेत. त्यांच्या वर्गाची फरशी कोरी होती, हा योगायोगही असेल.

मुलाच्या आधीच्या ज्ञानाचा विषय निघाला की माझ्या डोळ्यांसमोर इथले तलाव येतात. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव आणि गावोगावच्या बोड्या यांवर इथली धानशेती उभी राहिली. नवेगाव बांध हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. चौथीच्या परिसर अभ्यासात पाण्याच्या साठ्यावर पाठ असतो. पुस्तकात धरणाचे चित्र. बांधीत पाणी कसे राखतात, तलावाच्या पाळीतले तुडूम कधी उघडतात, रोवणीच्या दिवसांत कोणाच्या बांधीला आधी पाणी मिळते आणि त्यावरून भांडण का होते, हे वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक असते. ढिवरांच्या घरच्या मुलाला कोणत्या पाणवनस्पतीजवळ कोणता मासा सापडतो तेही ठाऊक असते. अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने तलाव पुन्हा जिवंत करण्याचे काम केले ते ढिवरांच्या याच ज्ञानाला हाताशी धरून. मारुती चितमपल्ली नवेगावला वनाधिकारी होते. त्यांनीही तिथल्या पाखरांविषयीचे कितीतरी इथल्याच माणसांकडून ऐकून टिपून घेतले. वनाधिकारी आणि अभ्यासक ज्यांना गुरू मानतात, त्यांची मुले मात्र वर्गात ‘मागे पडलेली’ म्हणून नोंदवली जातात.

तरी एक इशारा इथे द्यायला हवा, कारण या मुद्द्यावर लोक भावुक होतात. मुलांना तलाव ठाऊक आहे, तेव्हा त्यांना बोलू द्या आणि टाळ्या वाजवा, एवढ्याने शिक्षण होत नाही. तुडूम तळाशी का असते, वर का नसते? पाणी खोल असेल तेव्हा धार जोरात का येते? पाळ पायथ्याशी रुंद का ठेवतात? हा प्रश्न घरी कोणी विचारत नाही, कारण घरी ते उघड आहे. प्लास्टिकच्या बाटलीला एकाखाली एक तीन भोके पाडून पाणी भरले की खालची धार सर्वांत जोरात निघते, आणि मुले एकदम पाळीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. गावच्या ज्ञानातून दाबाच्या कल्पनेपर्यंतचा हा रस्ता मुलांना एकट्याने सापडत नाही. तो गुरुजींना आधी माहीत असावा लागतो. म्हणून रचनावादी शिक्षकाला विषय कमी आला तरी चालतो, ही समजूत अगदी उलटी आहे. भाषण करणाऱ्याला पाठापुरते आले तरी निभते. मुलाच्या कुठल्याही उत्तरावरून पुढे जायचे असेल तर विषय चहूबाजूंनी ठाऊक हवा.

हे सारे आपल्याला परदेशातून कळले असेही नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला नई तालीमची मांडणी झाली, ती गोंदियापासून फार दूर नाही. हाताच्या कामातून विषय उलगडायचे, आणि ते जोडून देण्याची जबाबदारी शिक्षकाची. गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी शाळा उभी केली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणावर नेली. शंख, पाने, बिया हेच त्यांचे साहित्य होते. कोल्हापुरात लीला पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेली सृजन आनंद शाळाही याच वाटेवरची. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान दिसते. मूल मोकळे होते आणि बाई अतिशय दक्ष होत्या. ताराबाई-अनुताईंना सुलभक म्हणण्याचे धाडस मला होणार नाही.

मग अडते कुठे? शिक्षकांच्या मनात, असे म्हणण्याची पद्धत आहे. ती सोयीची आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. वर्ग पाच, शिक्षक दोन. एक ऑनलाइन माहिती भरत असला की एक. ४२ वजा १७ पाशी एका मुलासमोर गप्प उभे राहायला जी पाच मिनिटे लागतात, तेवढ्यात दुसऱ्या खोलीत पहिलीतली पोरे खिडकीवर चढलेली असतात. बहुवर्ग अध्यापन ही वेगळी विद्या आहे आणि रचनावादाशी तिचे चांगले जमूही शकते, कारण चौथीतली मुलगी दुसरीतल्याला समजावते तेव्हा तीही नव्याने शिकते. पण त्यासाठी गटांची आखणी, प्रत्येक गटाला पुरेल असे काम आणि दर मुलाची छोटी नोंदवही लागते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत तासभर तरी या नोंदवह्या उघडून बसता आले, ‘माझ्या वर्गात अमुक तीन मुले ६० वजा २४ चे ४४ लिहितात, मी काय करू?’ असे एका गुरुजींनी विचारले आणि दुसऱ्यांनी आपले सांगितले, तर वेगळ्या प्रशिक्षणाची फारशी गरज उरणार नाही. कुमठ्यातली न दिसणारी गोष्ट हीच होती. प्रत्यक्षात परिषदेचा बराच वेळ परिपत्रके वाचण्यात जातो.

दुसरी गोष्ट पटाची. मूल काय बांधते आहे हे पाहायला मुले थोडी हवीत, आणि सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्टीत ती थोडीच आहेत. एका खोलीत बारा मुले, त्यांची घरे गुरुजींना ठाऊक, शाळेमागे तलाव. शहरातल्या महागड्या शाळा जाहिरातीत जे देऊ करतात, ते इथे आयते आहे. पण २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा जवळच्या शाळांत मिसळण्याचे राज्याने ठरवले तेव्हापासून लहान पट हा शब्द गुणवत्तेच्या नव्हे, खर्चाच्या रकान्यात लिहिला जातो. मोठ्या समूह शाळेत ग्रंथालय असेल, खेळाचे शिक्षक असतील, हे खरे. त्या फायद्यांना मी नाक मुरडत नाही. मात्र तिथे सहा-सात गावांची मुले एका वर्गात येतील, काहींच्या घरी पोवारी, काहींच्या झाडीबोली, काहींच्या गोंडी, आणि त्या वर्गावरच्या शिक्षकाला कोणाचे ‘येर’ आणि कोणाचा ‘डोरा’ हे शोधायला आधी काही महिने लागतील. पहिलीतल्या मुलाला शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत मिळावी, असा नियम आहे. पावसाळ्यात बांध्या भरल्या की या पट्टीत एक किलोमीटरचे अंतर नकाशावर मोजता येत नाही. मध्ये नाला किती फुगला आहे ते गावातल्या माणसालाच विचारावे लागते.